विसावा हाही सरावच. पण तो मिळतो कोणाला?

मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, पाण्याबाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवून लगेच २१.१ किलोमीटर धावायचे. एकूण ११३ किलोमीटर आणि मुदत साडेआठ तासांची. २०१९ साली पणजीत ही ट्रायथलॉन सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातील अनेकांना तिचे वेध लागले आहेत. हे पैसेवाल्यांचे खेळ, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे म्हणणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे अंधारात उठून धावणारी पोरे-पोरी ज्या वस्त्यांत आहेत, त्या वस्त्यांत दमाची उणीव नाही. सायकल महाग आहे, जलतरण तलावाचे शुल्क परवडत नाही, हे तर खरेच. पण त्याहून मोठी एक उणीव आहे आणि ती शर्यतीआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत उघडी पडते.

महिनोन्महिने सराव वाढवत नेल्यावर शर्यत तीन आठवड्यांवर येते. तोवर सर्वांत लांबची सायकलफेरी आणि सर्वांत लांबची धाव उरकलेली असते. तिथून पुढे सराव वाढवायचा नसतो, उतरवायचा असतो. प्रशिक्षक याला ‘टेपर’ म्हणतात. आपण उतरता सराव म्हणू. शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांनी खाली आणतात, वेग मात्र सोडत नाहीत. तासभर पोहणाऱ्याने अर्धा तास पोहावे, पण त्यात काही फेऱ्या शर्यतीच्या वेगाने माराव्यात. सायकलवरून उतरल्याबरोबर थोडे धावून पाहावे, कारण पहिली काही मिनिटे पाय आपले ऐकत नाहीत. जलतरण तलावाच्या तळाशी रेघ आखलेली असते, समुद्राच्या तळाशी ती नसते. म्हणून पोहता पोहता डोके वर काढून दिशेची खूण हेरण्याची सवय ठेवावी.

हे सारे कशासाठी? सरावाच्या तासात शरीर बळकट होत नाही, ते झिजते. त्याची भरपाई विश्रांतीत होते. स्नायूंना झालेल्या बारीक इजा भरून येण्यास दिवस लागतात. स्नायूंतील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, सराव कमी केल्यावर आणि पोटात भात, भाकरी, बटाटा नीट गेल्यावर पुरा भरतो. झोप पुरी व्हावी लागते. शर्यतीच्या दिवशी नवा बूट नको, नवे पेय नको. जे सरावात पचले तेच घ्यावे. तासन्‌तास घाम गाळताना नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील मीठ उतरते आणि तेही जिवावर बेतू शकते. पाण्याबरोबर मीठ-साखर हवी, हे आधीच ठरवून ठेवावे.

या काळात मन फार छळते. सराव कमी केला की पाय जड वाटू लागतात, कमावलेले सगळे गेले असे वाटते. खरे तर दोन आठवड्यांत दम उतरत नाही. तरीही भीतीपोटी शेवटच्या आठवड्यात लांब फेरी मारणारे आणि थकलेल्या अंगाने पाण्यात उतरणारे असतातच. त्यांनी सोण कोळिविसाची कथा आठवावी. अतिउत्साहाने चंक्रमण करता करता या भिक्खूचे पाय रक्ताळले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्याच वीणेची आठवण दिली: तार फार ताणली तरी सूर निघत नाही आणि ढिली सोडली तरी निघत नाही. मध्यम मार्ग हा केवळ विहारात ऐकण्याचा विषय नाही, तो देहालाही लागू आहे.

आता आमचा मूळ प्रश्न. बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, पहाटे रस्त्यावर येणारी कंत्राटी सफाई कामगार, रात्री उशिरापर्यंत पार्सल पोचवणारा तरुण यांना प्रशिक्षक सांगेल, ‘सराव निम्मा कर, आठ तास झोप.’ सराव निम्मा होईल. उभे राहण्याचे तास निम्मे कोण करणार? सुट्टी घेतली तर मजुरी जाते, जास्त दिवस घेतली तर कामच जाते. साहेबाचा मुलगा शर्यतीआधी आठवडाभर रजा घेतो आणि कामगाराचा मुलगा रात्रपाळी संपवून गोव्याची गाडी पकडतो. मग निकाल लागला की म्हणायचे, यांच्यात गुणवत्ता नाही! ही कोणती गुणवत्ता?

विश्रांती ही चैन नव्हे, हक्क आहे, हे या देशाच्या कायद्यात कोणी उतरवले, ते आपल्या मुलांना पाठ असले पाहिजे. बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणि दिवसाचे १० वरून ९ वर आले. त्याच नऊ तासांवर सप्टेंबर २०२५ मध्ये घाला पडला. राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा कामाला जादा दाम, कामगाराची संमती, असे सांगितले गेले. पण नोकरी टिकवण्यासाठी धडपडणाऱ्याची संमती किती मोकळी असते, हे कामगाराला विचारा. बारा तासांनंतर उरलेल्या वेळात प्रवास, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास आणि झोप. त्यात शरीर भरून कधी निघणार?

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. आपल्या वस्तीतील कोणी अशा शर्यतीला निघाले असेल, तर शेवटचे तीन आठवडे त्याच्या रात्रपाळ्या मित्रांनी वाटून घ्याव्यात, घरच्यांनी त्याला झोपू द्यावे, मंडळांनी सत्काराचे फलक शर्यतीनंतर लावावेत आणि तो पैसा त्याच्या बुडालेल्या मजुरीसाठी द्यावा. दुसरे, आपल्या कामगार संघटनांनी तासांचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा. पाण्याचा हक्क महाडला १९२७ साली उभे राहून मिळवावा लागला. विसाव्याचा हक्कही आपोआप टिकणार नाही.