रक्ताची गुठळी आणि औषधाची मात्रा

शस्त्रक्रिया यशस्वी होते, टाके सुकू लागतात, नातेवाईक घरी जाण्याची तयारी करतात. आणि अशा वेळी रुग्ण एकाएकी धाप लागून कोसळतो. पायातील खोल शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकल्याने असे मृत्यू ओढवतात. त्यांतील पुष्कळसे टाळता येण्याजोगे असतात.

रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे मानली जातात. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखले जाते. रुग्णालयात खाटेवर पडून असलेल्या रुग्णाच्या ठायी ही तिन्ही कारणे अनेकदा एकत्र येतात.

रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हे द्रव्य १९१६ साली अमेरिकेत आढळले. परंतु हे शस्त्र दुधारी आहे. मात्रा कमी पडल्यास गुठळी होते, अधिक झाल्यास रक्तस्राव होतो. झालेली गुठळी आवरण्यास मोठी मात्रा लागते. ती होऊच नये यासाठी मात्र अल्प मात्रा पुरते. भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने १९७५ मध्ये हे सिद्ध केले. चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर दर आठ तासांनी हेपॅरिनची ५,००० एकके त्वचेखाली टोचण्यात आली. फुप्फुसातील गुठळीने औषध न मिळालेल्या गटात १६ रुग्ण दगावले, तर औषध मिळालेल्या गटात केवळ दोन.

आज एनॉक्सापॅरिन हे औषधही वापरात आहे. त्याची नेहमीची प्रतिबंधक मात्रा दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम असते. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा घटवतात किंवा साधे हेपॅरिन देतात. अतिस्थूल रुग्णास अधिक मात्रा लागू शकते. पोटात वाहता व्रण असल्यास किंवा रक्तातील बिंबिका फार कमी असल्यास औषध टाळून पायांना ठरावीक वेळाने दाब देणारी साधने वापरतात. हिंडत्या-फिरत्या, अल्प धोक्याच्या रुग्णास पुष्कळदा औषधाची गरजच नसते.

मोठी मात्रा म्हणजे मोठे संरक्षण, असे मात्र नव्हे. कोविडच्या साथीत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांना उपचाराच्या मोठ्या मात्रेने लाभ झाला नाही. त्याच मात्रेने मध्यम आजारी रुग्णांना मात्र काहीसा लाभ झाला. रोग एकच, पण रुग्णाच्या अवस्थेनुसार उत्तर बदलले.

मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचे काम. परंतु त्यासाठी लागणारी माहिती बहुधा घरच्यांपाशी असते. पूर्वी गुठळी झाली होती काय, मूत्रपिंडाचा विकार आहे काय, शौचावाटे रक्त जाते काय, कोणती औषधे चालू आहेत, हे न विचारताही सांगावे. पोटावर दिले जाणारे इंजेक्शन भीतीपोटी नाकारू नये. डॉक्टरांनी अनुमती देताच रुग्णाला चालते करावे. ‘पडून राहा’ हा मायेचा सल्ला येथे घातक ठरतो. घरी परतल्यावर एकच पाय सुजला, छातीत कळ आली किंवा धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गावोगावी शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी एवढे जरी लोकांच्या कानी घातले, तरी कित्येक रुग्ण सुखरूप घरी राहतील.