दुधाची वाटी आणि धामणीचे पिल्लू

साप दिसला की आपल्याला दुधाची वाटी आठवते. गेल्या पावसाळ्यात शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत मडक्यांच्या ढिगाखाली धामणीचे हातभर पिल्लू सापडले, तेव्हा मीही तेच केले. काचेच्या बरणीत त्याला ठेवले, दूध दिले, उकडलेल्या अंड्याचा बलक दिला. चार दिवस त्याने कशालाच तोंड लावले नाही. आई म्हणाली, "आरं, भुकंनं मरंल ते. सोड की त्याला." शेवटी एका सर्पमित्रांना बोलावले. पिल्लू का खात नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. तेच येथे मांडतो.

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला लगेच अन्न लागत नाही. बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात असतो. पहिली कात टाकीपर्यंत त्यावर त्याचे भागते. पुढेही प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा साप बहुधा खात नाही.

दुसरे कारण वासाचे. साप जिभेने हवेतील गंधकण टिपून टाळूतील एका इंद्रियाकडे नेतो. ओळखीचा वास नसेल तर समोरची वस्तू त्याच्या लेखी अन्नच नव्हे. मोठी धामण उंदीर खाते. पिल्लू मात्र लहान बेडूक व पाली शोधते. अमेरिकेत 'कॉर्न स्नेक' जातीचे साप पाळतात. त्यांचे पिल्लू उंदराला तोंड लावीना, तर पाळणारे उंदराच्या पिल्लाला पालीचा वास लावतात आणि ते खाऊ लागते.

तिसरे कारण गारठा. सापाला ऊब बाहेरून मिळवावी लागते. ती नसेल तर पचन मंदावते आणि गिळलेले भक्ष्यही तो ओकून टाकतो.

चौथे कारण भीती, आणि येथे चूक सर्वस्वी माझी होती. बरणीत लपायला जागा नव्हती आणि मी दिवसातून दहादा झाकण उघडून मित्रांना पिल्लू दाखवीत होतो. जाणकार मंडळी पेटीत लपायला खापर ठेवतात, पाणी ठेवतात, एका बाजूला ऊब देतात. सापाच्या अंगाएवढ्याच जाडीचे भक्ष्य देऊन दूर होतात. खाल्ले नाही तर काही दिवस थांबतात. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावीत नाहीत. बळेच भरविणे हा अगदी शेवटचा उपाय.

मग गारुड्याचा नाग दूध कसा पितो? त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. पाण्याऐवजी समोर येईल ते तो पितो. हे दूध त्याला पचत नाही, अनेकदा जिवावर बेतते.

आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीच्या शाळेत बाबूराव टक्केकर गुरुजींनी मुलांना साप ओळखायला शिकविले. मला मात्र हे ज्ञान चार दिवस उशिरा मिळाले. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील साप घरी पाळता येत नाहीत, हेही तेव्हाच कळले. साप दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

सर्पमित्रांनी वनखात्याला कळवून ते पिल्लू पंचगंगेकाठी उसाच्या कडेला सोडले. मीही बरोबर होतो. पुढे ते खाऊ लागले की नाही, मला कळणार नाही. बरणी धुऊन आईला परत दिली. आता तिच्यात लोणचे आहे.