विजेची शेगडी आणि भिंतीतील वायर

खोपट परिसरातील बऱ्याच घरांत आता गॅसच्या जोडीला इंडक्शन शेगडी आली आहे. मात्र जुन्या खोल्यांतील वायरिंग बहुधा दिवे, पंखा व टीव्ही एवढ्यापुरतेच केलेले असते. शेगडी नवी आणि वायर जुनी, यातच धोका आहे. म्हणून शेगडीसाठी वायर कशी ठरवावी, हे आपण येथे पाहू.

प्रथम शेगडीवर छापलेले वॅट पाहावेत. वॅटला २३० व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. २००० वॅटची शेगडी सुमारे ८.७ ॲम्पिअर घेते, म्हणून ती ६ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नये. तिला १६ ॲम्पिअरचे तीन पिनचे सॉकेट हवे. ३००० वॅटचा गीझर १३ ॲम्पिअर घेतो. दोन्ही एकाच वायरीवर चालले, तर प्रवाह जवळजवळ २२ ॲम्पिअर होतो. यास्तव दोघांना स्वतंत्र वायर असावी.

आपल्या विद्यार्थ्यांना माहीतच आहे की, प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता चौपट होते. तसेच १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत, तेवढ्याच प्रवाहाने, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीच्या अडीचपट उष्णता निर्माण होते. ही उष्णता भिंतीतील पाइपात कोंडते, वरचे आवरण हळूहळू कडक होऊन तडकते आणि शेवटी शॉर्टसर्किट होते.

सर्वसाधारणपणे एका शेगडीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर व १६ ॲम्पिअरचा एमसीबी घ्यावा. दोन चुलींच्या ३५०० वॅटच्या शेगडीला १५ ॲम्पिअरहून अधिक प्रवाह लागतो. तिच्यासाठी ४ चौरस मिलिमीटरची वायर व २० ॲम्पिअरचा एमसीबी योग्य. एकाच पाइपात अनेक वायरी असतील किंवा अंतर लांब असेल, तर आणखी जाड वायर घ्यावी. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते, त्यामुळे जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरीवर भरवसा ठेवू नये. नवी वायर घेताना तिच्यावर आयएसआय चिन्ह व आयएस ६९४ हा क्रमांक पाहावा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. एमसीबी वारंवार पडतो म्हणून काही जण १६ च्या जागी ३२ ॲम्पिअरचा बसवून घेतात. हे फार घातक आहे. एमसीबी हा वायरीचा रखवालदार आहे. तो मोठा केला म्हणजे वायर जळू लागली तरी तो पडणार नाही. आधी वायर बदलावी, मगच एमसीबी.

अर्थिंग तपासून घ्यावे व ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा. वीजबिलावरील मंजूर भार अपुरा असल्यास महावितरणकडे (जुनी मंडळी अजून एमएसईबीच म्हणतात) वाढीव भारासाठी अर्ज करावा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

सभासदांनी आपल्या घरातील आणि शेजारच्या वयोवृद्धांच्या घरातील सॉकेट एकदा पाहावे. शेगडी चालू असताना प्लग तापत असेल, तर ती त्याच दिवशी बंद करावी.