शिरोड्याचं मीठ, लोणारचा गाळ

वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याचं नाव निघालं की वि. स. खांडेकरांची शाळा आठवते आणि मे १९३० मधला मिठाचा सत्याग्रह. पण इथली मिठागरं आणखी एका कारणासाठी पाहावीत. भरतीचं पाणी खाडीतून उथळ वाफ्यांत घ्यायचं आणि पुढचं काम उन्हावर सोपवायचं, ही इथली रीत. पाणी आटताना त्यातले सगळे क्षार एकदम तळाला बसत नाहीत. आधी चुन्याचा पांढरट थर धरतो, पाणी पाचवा हिस्सा उरलं की जिप्सम, आणि दहावा हिस्सा उरलं की मीठ. तळाशी कोणता क्षार बसलाय ते पाहिलं की पाणी किती आटलं हे सांगता येतं.

शिरोड्यात हा हिशेब पहिल्या पावसात धुऊन जातो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात तो हजारो वर्षं टिकला आहे. उल्कापातानं काळ्या कातळात पडलेल्या, १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातून पाणी बाहेर वाहायला वाटच नाही. झरे आणि पाऊस पाणी आणतात, ऊन ते नेतं, क्षार मागे राहतात. भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळातून १० मीटर लांबीचा उभा नमुना काढला. त्यात सुमारे ११ हजार वर्षं थराथरानं साठलेली आहेत. चुन्याची खनिजं त्यात सगळीकडे सापडली, गेल्युसाइट मात्र दोनच पट्ट्यांत. सोडियम आणि कॅल्शियमच्या या कार्बोनेटचे स्फटिक इथं धरतात ते सरोवर फार आटल्यावरच.

पहिला पट्टा सुमारे ४६३० ते ३८९० वर्षांपूर्वीचा. तो संपतो त्या सुमारास सिंधू संस्कृतीची नगरं ओस पडत होती. दुसरा सुमारे २०४० ते ५६० वर्षांपूर्वीचा, आणि मला तोच जास्त अस्वस्थ करतो. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर याच काळात उभं राहिलं, आणि हा काळ सरतासरता दख्खननं दुर्गादेवीचा दुष्काळ सोसला. इतकी शतकं पाऊस पडलाच नाही असं नव्हे. मोसमी पाऊस जेवढं भरत होता, त्याहून जास्त ऊन नेत होतं.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पातळी घटली, खारेपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. जगभरच्या मिठागरांतही याच कुळातले जीव पाण्याला हा रंग देतात.