भरतीच्या शक्तीचें मोजमाप

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कने नांवाचा द्वीपसमूह आहे. तेथें २००३ सालीं स्थापन झालेल्या ‘युरोपियन मरीन एनर्जी सेंटर’ या संस्थेच्या ईडे बेटालगतच्या क्षेत्रांत, भरती-ओहोटीच्या ओघावर वीज उत्पन्न करणारीं चक्रें पारखलीं जातात. उधाणाच्या वेळीं तेथील ओघाचा वेग सेकंदास जवळजवळ ४ मीटर होतो.

अमुक चक्राची कार्यक्षमता शेंकडा ४० आहे, असें म्हटलें म्हणजे श्रोत्यांस तो आंकडा अंतिम वाटतो. पात्यांच्या वर्तुळांतून वाहणाऱ्या पाण्यांत शक्ति किती होती व तींतून वीज किती हातीं आली, यांचें तें प्रमाण होय. यांपैकीं वीज मोजणें सोपें. पाण्याची शक्ति मोजणें कठीण. कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. सेकंदास २ मीटर वेगाच्या समुद्रप्रवाहांत दर चौरस मीटरमागें सुमारें ४.१ किलोवॅट शक्ति असते. वेग दुप्पट होतांच ती आठपट होते. म्हणून वेग मोजण्यांत शेंकडा ३ ची चूक झाली, तर शक्तीच्या हिशेबांत ती सुमारें शेंकडा ९ होते.

हा वेग ध्वनीच्या साहाय्यानें मोजतात. समुद्रतळावरील उपकरण ध्वनिलहरी सोडतें आणि पाण्याबरोबर वाहणाऱ्या कणांवरून परतलेल्या प्रतिध्वनीची कंपनसंख्या किती बदलली, यावरून वेग काढतें. परंतु उपकरण चक्रापासून कांहीं अंतरावर असतें. दोन्ही ठिकाणीं वेग एकच असेल असें नाहीं.

भोंवऱ्यांमुळें होणाऱ्या चुका पुष्कळ वेळां मोजून सरासरी काढल्यास बऱ्याच अंशीं परस्परांस खोडतात. परंतु मापच खोटें असेल, तर धान्य दहा वेळां मापूनहि बरोबर भरत नाहीं. तसेंच उपकरण मुळांतच वेग कमी दाखवीत असेल, तर सरासरीनें तो दोष जात नाहीं; उलट चक्राची कार्यक्षमता फुगून दिसते.

परस्परांवर अवलंबून नसलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेण्याची रीत आहे. विजेच्या मोजणींत शेंकडा १ व वेगामुळें शेंकडा ९ अनिश्चितता धरली, तर एकूण शेंकडा ९.०६ येते. विजेचें मापक अगदीं निर्दोष केलें, तरीहि ९ उरतेच! तेव्हां खर्च व श्रम वेगाच्या मोजणीवरच व्हावयास हवेत.

या हिशेबानें ४० हा आंकडा ‘सुमारें ३६ ते ४४’ असा वाचला पाहिजे. दुसऱ्या चक्राचा आंकडा ४२ आला, एवढ्यावरून तें सरस ठरत नाहीं. त्यावर पैसा घालणारानें आंकड्याइतकीच त्याची मर्यादाहि विचारावी.