प्रश्न उद्भवत नाही

महाराष्ट्र विधिमंडळात लेखी प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. आमदार आधी एखादी गोष्ट मांडतो आणि विचारतो, ‘हे खरे आहे काय?’ मग ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ उत्तरेही साच्यातलीच. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘हे खरे नाही’. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की खालच्या सगळ्या भागांसमोर तीन शब्द येतात, ‘प्रश्न उद्भवत नाही’. सरकारी मराठीत याहून सोयीचे वाक्य सापडणे कठीण.

पण विलंबाचा हाच प्रश्न भोसरीच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये रोज उद्भवतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि चार कामगार असलेल्या वर्कशॉपवाल्याचे उदाहरण घेऊ. त्याने मोठ्या कंपनीला चार लाखांचे जॉब पोहोचवले, चलनावर सही-शिक्का घेतला, बिल लावले. त्यावरचा १८ टक्के जीएसटी म्हणजे ७२ हजार रुपये. मासिक विवरणपत्र भरणारा असेल, तर ही रक्कम त्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारला चुकती करावी लागते. कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, बाकीचे खिशातून. कंपनीचे पैसे आले की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही. कंपनीच्या अकाउंट्स खात्याला फोन केला तर उत्तर ठरलेले: बिल प्रोसेसमध्ये आहे, साहेब सहीला बसले की चेक निघेल. साहेब तीन-तीन महिने सहीला बसत नाहीत.

यावर कायदा नाही असे नाही. विलंबाने मिळणाऱ्या पैशांवर व्याज देण्याचा कायदा १९९३ सालीच झाला. तो मोडीत काढून २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आला. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि ही मुदत कोणत्याही करारात ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज. २०२४ मध्ये बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. त्या दराने आपल्या वर्कशॉपवाल्याच्या चार लाखांवर पहिल्याच महिन्याचे ६,७५० रुपये होतात.

हे व्याज मागतो कोण? तक्रारीसाठी राज्याची सुविधा परिषद आहे, २०१७ पासून ‘समाधान’ नावाचे पोर्टल आहे. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला न्यायालयात जायचे असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर इतका कडक कायदा लहान माणसाच्या बाजूने क्वचितच लिहिला जातो. अडचण एवढीच, की ज्याच्यावर तक्रार करायची त्याच्याकडूनच पुढची ऑर्डर यायची असते. शिवाय पैसे अडकवणारे सगळे खासगीच असतात असेही नाही. समाधान पोर्टलवरच्या वर्गवारीत केंद्राची मंत्रालये, सार्वजनिक कंपन्या आणि राज्य सरकारे यांचेही रकाने आहेत. ऑर्डरही सरकारची, उधारीही सरकारची.

लोकप्रतिनिधीचे काम खरे इथून सुरू होते. योजना जाहीर करायला मंत्री असतात. त्या योजनेतले पैसे कुठे अडले, हे जाहीरपणे विचारायचा हक्क आमदार-खासदारांकडे असतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितांपैकी प्रत्यक्ष तोंडी उत्तर मिळते ते बहुधा पाच-सहांनाच. पण खरी धार असते उपप्रश्नाला. लेखी उत्तर खात्याचे अधिकारी आठवडाभर घासून-पुसून तयार करतात. उपप्रश्न मात्र मंत्र्याला आधी माहीत नसतो, आणि अधिकारी दीर्घेतून चिठ्ठी येईपर्यंत त्याला काहीतरी बोलत राहावे लागते. त्या अर्ध्या मिनिटात खाते किती पाण्यात आहे ते सभागृहाला कळते.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा सदस्यांना अर्थसंकल्पावर मतदानाचा हक्क नव्हता. उपप्रश्नाची मुभाही पुढे १९०९ च्या सुधारणांनी आली. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवून दिले, की तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नसून रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर बसल्याची खूण आहे. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी तो कमी झाला. एका भाषणाने सगळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण सरकारी कागदातून सरकारलाच पकडण्याची रीत तिथे स्पष्ट दिसते.

प्रश्न विचारलाच गेला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण २०२३ चे आहे. त्या वर्षीच्या वित्त विधेयकात आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये एक पोटकलम घातले गेले. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येणार नाही. म्हणजे ३१ मार्चला बिल थकलेले राहिले तर तेवढा नफा फुगणार आणि त्यावर कर बसणार. कल्पना उत्तम होती. जे व्याजाला भीत नाहीत ते कराला भितात, हे धंद्यातल्या कोणालाही पटेल. पण २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेने हे विधेयक गदारोळात, चर्चेविना मंजूर केले. दुसऱ्याच वादांवरून त्या दिवसांत एका बाजूला विरोधक संयुक्त संसदीय समितीची मागणी करत होते, दुसऱ्या बाजूला सत्ताधारी माफीची, आणि मधल्या मध्ये साठाहून अधिक दुरुस्त्यांसह विधेयक पार.

वर्षभराने, २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याचे पडसाद सुरतच्या कापडबाजारात उमटले. कापडधंद्यात दोन-तीन महिन्यांची उधारी ही रीतच आहे. ४५ दिवसांची तलवार दिसताच काही खरेदीदारांनी ऑर्डरी थांबवल्या, माल परत केला. लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी नसलेल्याकडून किंवा ‘मध्यम’ गटातल्या कारखान्याकडून माल घेतला तर हे कलम लागू होत नाही, ही पळवाट बाजाराने लगेच हेरली. ज्यांच्या संरक्षणासाठी कलम आणले, त्यांतलेच काही जण आपली ‘उद्यम’ नोंदणी रद्द करण्याच्या गोष्टी करू लागले. व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेले.

करवजावटीसाठीची मुदत एकदम ४५ दिवसांवर आणण्याऐवजी ती दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवता आली नसती का? मध्यम उद्योगांना बाहेर ठेवल्याने लघुउद्योगांच्या ऑर्डरी तिकडे वळणार नाहीत का? इचलकरंजीतल्या एखाद्या यंत्रमागधारकालाही सुचतील असे हे प्रश्न. ते विचारायला ५४३ जागांचे सभागृह होते. घोषणा देण्यात सगळेच दंग होते, आणि यात सत्ताधारी-विरोधक असा भेद करण्याचे कारण नाही.

सभागृहात जे होत नाही ते कधीकधी समितीच्या खोलीत होते. संसदेच्या विभागनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. के. केशव राव यांच्या अध्यक्षतेखालील उद्योगविषयक समितीने जुलै २०२१ मध्ये कोविडकाळातल्या लघुउद्योगांवर अहवाल दिला. तोवर तीन लाख कोटींच्या तारण-विरहित कर्जहमी योजनेचे ढोल वाजून झाले होते. समितीने सरळ सांगितले, की मदत अपुरी आहे. तिचा भर कर्जावर आहे, हातात तातडीने पैसा येण्यावर आणि मागणी वाढण्यावर नाही. बंद शेडच्या मालकाला आणखी एक कर्ज देणे म्हणजे बुडणाऱ्याला जड सदरा देणे, असा अर्थ त्यातून कोणी काढला तर तो चुकीचा ठरणार नाही.

मात्र आपल्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. याउलट उदाहरण ब्रिटनचे. तिथे जानेवारी २०१८ मध्ये ‘कॅरिलियन’ ही बांधकाम कंपनी बुडाली. रुग्णालये बांधणारी आणि शाळा-तुरुंगांची देखभाल करणारी ही कंपनी सरकारची लाडकी होती. सुमारे ३० हजार पुरवठादारांचे जवळपास दोन अब्ज पौंड तिच्याकडे अडकले. खासदारांच्या दोन समित्यांनी एकत्र येऊन संचालकांना टीव्ही कॅमेऱ्यांसमोर बसवले. वेळेवर पैसे देण्याच्या सरकारी संहितेवर सही केलेली ही कंपनी पुरवठादारांना १२० दिवस थांबवत होती, हे सर्वांसमोर आले. आपल्याकडे अशी सुनावणी झाली असती, तर बातमी ‘समितीने चिंता व्यक्त केली’ एवढीच.

तरी साधने आहेत. मंत्री सभागृहात ‘माहिती घेऊन कार्यवाही करू’ म्हणाला की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा माग काढू शकते. लक्षवेधी आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. आणि एक साधन असे आहे की त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. २००६ च्याच कायद्यातले कलम २२ सांगते, की ज्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण होते त्या प्रत्येक खरेदीदाराने सूक्ष्म-लघुउद्योगांचे थकलेले मुद्दल आणि त्यावरचे व्याज आपल्या वार्षिक हिशेबात दाखवायचे. सरकारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेच लागतात. ते कित्येकदा वर्षानुवर्षे उशिरा येतात, यावर महालेखापरीक्षकांनी वारंवार बोट ठेवले आहे.

म्हणजे वर्कशॉपवाल्याला हवे ते उत्तर कुठल्यातरी अहवालाच्या मागच्या पानावर, बारीक टाइपातल्या टिपेत, सभागृहाच्या पटलावर आधीच पडलेले असते. कित्येकदा तिथे ‘निरंक’ अशा अर्थाचे वाक्य असते. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते, तेव्हा थकलेल्या बिलांच्या फायली काखेत घेऊन उद्योजक आमदार निवासाच्या पायऱ्या चढतात. त्यातली एक फाईल आणि ते ‘निरंक’ शेजारी-शेजारी ठेवून कोणी उपप्रश्न केला, तर चिठ्ठी यायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागेल.