पद्मिनीचा गंज

कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार घरीच दुरुस्त करायला घेतलीत, तर आधी रंगाचे फुगवटे बघा. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंग आतून उचलतो. त्यावर लांबी फासणं ही निव्वळ फसवणूक. कुजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापा. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं की तो वाकतो. म्हणून दूरदूर टाके घाला, मध्ये थंड होऊ द्या. (गोधडी शिवणाऱ्या आजीला हे सांगावं लागलं नसतं.) नव्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल तर जोडापुरता घासून काढा: लोखंड १५३८ अंशांना वितळतं, जस्त ९०७ लाच उकळतं आणि त्या धुराने ताप भरतो. नंतर झिंक प्रायमर, दाराखालच्या पोकळीत मेण. पेट्रोलची टाकी मात्र वेल्डिंगआधीच उतरवून लांब ठेवा.